टावर चालू होता

माझ्या हुद्द्याचं नाव चांगलं लांबलचक आहे, पण गावोगाव मला 'टावरवाले' एवढंच म्हणतात. राहतो सोलापुरात आणि सीना नदीच्या काठाकाठानं थेट करमाळ्याच्या बाजूपर्यंत पसरलेले काही मोबाईल टावर सांभाळतो. सांभाळतो म्हणजे वीज गेली की जनरेटर चालू होतोय का ते बघतो, बॅटऱ्या तपासतो, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बदलतो आणि पुण्याच्या कंट्रोल रूममधून फोन आला की 'हो मॅडम, निघालोय' म्हणतो. यातलं शेवटचं काम सगळ्यात जास्त असतं.

सीनेला पूर आला तेव्हा या शेवटच्या कामानं माझा जीव नकोसा केला. आमच्या भागाला पुराची सवयच नाही. उन्हाळ्यात टँकरमागं धावणारी माणसं आम्ही. नदी पात्र सोडून उसात, घरात, शाळेत शिरते हे आमच्या हिशेबातच नव्हतं, आणि कंपनीच्या तर त्याहून नव्हतं. विजेचे खांब आडवे झाले, बॅटऱ्या संपल्या आणि माझे टावर एकामागून एक बंद पडत गेले. बंद पडलेल्या प्रत्येक टावरसाठी मॅडमचा फोन येत होता. 'सर, साइट कधीपर्यंत अप होईल?' मी म्हणायचो, रस्ता पाण्याखाली आहे. 'बरोबर आहे सर, पण वेळ किती टाकू?' पाण्याला विचारून सांगतो, असं एकदा मी म्हणालो. तिनं तेही शांतपणे लिहून घेतलं असावं.

ज्या गावाची ही गोष्ट आहे त्याचं नाव सांगत नाही. गाव सीनेच्या अलीकडच्या काठावर, थोडं उंचावर आहे. टावर गावाच्या कडेला एका मेंढपाळाच्या घराला लागून उभा आहे. फाटकाची एक किल्ली त्या घरात असते. घरात दोघंच, नवराबायको. मी त्यांना मामा-मामी म्हणतो. मामा वर्षातले बरेच महिने मेंढरं घेऊन बाहेर असतात. मामी टावरच्या जाळीच्या कुंपणावर लुगडी वाळत घालतात, आणि तपासणीला साहेब येणार असले की मी आधी फोन करून ती काढायला लावतो. मी गेलो की आधी चहा, मग किल्ली, हा त्या घरचा नेम.

पूर आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोटारसायकलवर दोन रिकामे कॅन बांधून निघालो. जनरेटरला डिझेल हवं होतं, आणि डिझेलसाठी हवा होता ओटीपी. पद्धत अशी की हायवेवरच्या ठरलेल्या पंपावर जायचं, कार्ड द्यायचं, मग माझ्या मोबाईलवर एक आकडा येतो, तो पंपावरच्या मशीनमध्ये टाकला की डिझेल मिळतं. कुणी चोरी करू नये म्हणून केलेली सोय. पंपाचं मशीन छतावरच्या उपग्रहाच्या थाळीवर चालत होतं, त्यामुळं ते ठणठणीत होतं. पण माझ्या मोबाईलला रेंज नव्हती, कारण त्या पंपाला रेंज देणारा टावर माझाच होता आणि तो डिझेल नसल्यामुळं बंद होता.

हे पंपावरच्या माणसाला समजावून सांगताना मलाच हसू आलं, आणि लगेच संतापही आला. शेवटी मी गाडीला किक मारून रेंज येईपर्यंत सोलापूरच्या दिशेनं गेलो. एका पुलावर फोन टुणटुणला, आकडा आला. तो दहा मिनिटं चालतो. मी सुसाट मागं आलो तर मशीन म्हणालं, मुदत संपली. पुन्हा गेलो, पुन्हा आलो. दुसऱ्यांदा तर वाटेत म्हशींचा तांडा आडवा आला. पाण्यातून वाचवून आणलेल्या म्हशी त्या, त्यांच्यावर तरी कसं ओरडणार. तिसऱ्यांदा मी निघालो तेव्हा पंपावरचा माणूसच म्हणाला, "ओ टावरवाले, किती पळतासा? भरा कॅन. नंबर मागनं द्या." सगळ्या व्यवस्थेत त्या दिवशी मला भेटलेला हा एकटा शहाणा माणूस.

गावाच्या अलीकडचा ओढा गुडघ्याच्या वर होता. गाडी अलीकडं लावली आणि दूध पोचवून परत निघालेल्या एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कॅनसकट बसून पलीकडं गेलो. पोचलो तेव्हा दुपार झाली होती. मामी दारातच उभ्या होत्या. चहाचं नाव नाही. माझ्या हातात किल्ली दिली आणि म्हणाल्या, "आदी चालू करा. मालक पल्याड अडकल्यात."

मामा मेंढरं घेऊन नदीच्या पलीकडं होते. तिथं नदी वळण घेते आणि वळणात एक टेकाड आहे. पाणी वाढलं तशी त्यांनी मेंढरं टेकाडावर नेली, आणि टेकाडाला चारी बाजूंनी पाण्यानं वेढलं. हे मामींना आदल्या दिवशी फोनवर कळलं होतं. त्यानंतर टावर गेला. मधल्या वेळात तहसीलकडून निरोप आला होता की बोट येणार आहे, पण उद्या किंवा परवा, आणि वरच्या धरणातून पुन्हा पाणी सोडणार आहेत. म्हणजे आता पाणी थोडं उतरलेलं दिसलं तरी ते फसवं होतं. मामांनी टेकाडावरून खाली उतरायचं नाही, एवढा एकच निरोप पोचवायचा होता. "त्यास्नी वाटंल पाणी वसरलं," मामी म्हणाल्या. "ते उतरतील बगा. माज्या सांगण्याबिगर ऱ्हायचे न्हाईत."

मी जनरेटरमध्ये डिझेल ओतलं, चालू केला. पहिल्यांदा धूर, मग आवाज, मग खोलीतले दिवे. अर्ध्या तासात टावर उभा राहिला. गावातनं पोरंटोरं, बाया, माणसं मोबाईल घेऊन पळत आली, कारण त्यांचे फोन आदल्या दिवशीच मेले होते. मी एक्स्टेन्शन बोर्ड लावले आणि कुंपणाच्या आत फोनांची रांग लागली. मामींच्या बाहेरगावी असलेल्या मुलानं आपला जुना स्मार्टफोन त्यांना दिलेला आहे, तो मी सगळ्यात आधी चार्जिंगला लावला. रेंजच्या चारही काड्या भरल्या. मी जरा ऐटीतच तो मामींच्या हातात दिला.

तेवढ्यात मॅडमचा फोन आला. 'सर, साइट अप दिसतेय, खूप छान. बॅकअप किती तासांचा आहे?' मी डिझेल आणि लोड बघून सांगितलं की उद्या पहाटेपर्यंत. 'सर, पुढचं डिझेल उद्या दुपारशिवाय येत नाही. लोड कमी करा. जे आवश्यक नाही ते काढा, पण साइट डाउन होऊ देऊ नका.'

आवश्यक काय आणि अनावश्यक काय, हे तिनं सांगितलं नव्हतं. ते मी ठरवलं. पॅनेलवर प्रत्येक यंत्राचा वेगळा खटका असतो. मी फोरजीला हात लावला नाही, कारण समोर पन्नास लोक स्मार्टफोन घेऊन उभे होते. जुन्या टूजीचा खटका खाली ओढला. आता टूजी वापरतं कोण, असं मनाशी म्हणालोसुद्धा. लोड झकास उतरला. बाहेर कुणालाच काही फरक पडला नाही. फोन लागत होते, व्हिडिओ जात होते, एक जण तर टावरखाली उभा राहून पुराचं थेट प्रक्षेपण करत होता.

फक्त मामींचा फोन लागत नव्हता. दर पाच मिनिटांनी त्या नंबर लावायच्या आणि पलीकडची बाई सांगायची की ग्राहक संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. मामी फोन माझ्यापुढं धरायच्या. "ही बाई काय म्हणतीया?"

"मामी, टावर चालू आहे," मी म्हणालो. "त्यांचाच फोन बंद पडला असेल. चार्जिंग संपलं असणार."

"न्हाय हो. बटणाचा फोन हाय त्यांचा. एकदा चार्ज केला की आठ-आठ दिस बगाय नको."

"पावसात भिजला असेल मग. नाहीतर निघताना चार्जच केला नसेल."

"तसं करत न्हाईत ते."

मी दिवसभराचा वैतागलेलो, पायात ओले बूट, सकाळपासून पोटात अन्न नाही. माझा आवाज चढला. "मामी, मी हे काम बारा वर्षं करतोय. टावर चालू आहे, तुमच्या फोनला चार काड्या आहेत, माझ्या फोनला चार काड्या आहेत. म्हणजे दोष कुठं आहे? त्यांच्या फोनमध्ये." लोक बघायला लागले. मामींनी माझ्यापुढं धरलेला फोन मागं घेतला. मग हळूच म्हणाल्या, "तुमी म्हणतासा तर तसंच आसंल." आणि थोड्या वेळानं, स्वतःशीच, "सांगून पाठवते मी. फोन भरून न्हेत जा म्हणून. ऐकत असतील तर."

दिवेलागणीला त्या फोन हातात धरून ओट्यावर बसल्या. का बसल्या ते मला शेजारणीनं सांगितलं. मामा बाहेर असले की रोज याच वेळेला एक मिसकॉल देतात. एक मिसकॉल म्हणजे सगळं ठीक. दोन म्हणजे तू फोन कर. एवढ्या वर्षांत दोन मिसकॉल फारच थोड्या वेळा आलेत. एक आला की मामी दिवा लावतात. त्या दिवशी फोन वाजला नाही. अंधार पडला तरी त्यांनी दिवा लावला नाही.

मी शाळेच्या व्हरांड्यात झोपलो. सकाळी उठून जनरेटर बघितला, डिझेल बघितलं, पुण्याला फोटो पाठवला. फोटोत तारीख, वेळ आणि ठिकाण दिसायला हवं असतं, नाहीतर तो परत येतो. माझा दोनदा परत आला. एकीकडं मॅडम 'फोटो तिरका आहे सर' म्हणत होती आणि दुसरीकडं मामी पहाटेपासून नदीच्या काठावर जाऊन उभ्या होत्या. पलीकडचं टेकाड तिथून नुसतं ठिपक्यासारखं दिसतं. माणूस ओळखू येत नाही.

दहाच्या सुमाराला एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत टावरपाशी आले. कुंपणातल्या फोनांच्या रांगेकडं बघितलं, मग माझ्याकडं. "टावर चालू हाय म्हणत्यात," ते म्हणाले.

"हो. कालपासून."

"मंग आमास्नी का न्हाय?"

त्यांनी बंडीच्या खिशातून फोन काढला. बटणाचा, पाठीवर रबर लावलेला. त्यात चार्जिंग भरपूर होतं. रेंजची एकही काडी नव्हती. "माजा न्हाय, शेजारच्याचा न्हाय, कुणाचाच न्हाय. का निस्त्या पोरास्नी फोटू बगायला चालू केलासा?"

मी त्या फोनकडं बघत राहिलो. बटणाच्या फोनला टूजीच लागतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. हे माझ्या कामाचं पहिलीतलं ज्ञान आहे. पण काल दुपारी माझ्यासमोर जे उभे होते ते सगळे फोन चार्ज करायला आलेले होते, आणि फोन चार्ज करायला स्मार्टफोनवालेच आले होते. ज्यांचे फोन आठ दिवस चालतात ते घरी बसले होते. वीज गेलेल्या गावात, पाण्यानं वेढलेल्या टेकाडावर, ज्या फोनांमध्ये अजून जीव होता नेमके तेच मी बंद केले होते. आणि वर एका बाईवर खेकसलो होतो.

धावत खोलीत गेलो आणि खटका वर केला. यंत्र उभं राहायला काही मिनिटं लागतात. बाहेर येऊन उभा राहिलो. म्हाताऱ्यांच्या फोनवर एक काडी आली, मग दोन. त्यांनी फोन खिशात टाकला आणि 'आता हाय' एवढं म्हणून ते निघून गेले. मामी नदीवरून परत येत होत्या. त्या अंगणात शिरल्या आणि त्यांच्या हातातला फोन वाजला. एकदाच, आणि बंद.

"मालक," त्या म्हणाल्या.

"मामी, फोन करा त्यांना. लगेच."

"एकच हाय. एक म्हंजे ठीक." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या नेम मोडायला तयार नव्हत्या. शेवटी मीच नंबर लावून फोन त्यांच्या कानाला धरला. त्या बोलल्या. उतरू नका, पाणी सोडणार हायती, बोट येणार हाय. एवढं तीनदा सांगितलं. मग म्हणाल्या, "आन् फोन का बंद ठेवला हुता? भरून न्हेता येत न्हाय व्हय?"

फोन ठेवून त्यांनी माझ्याकडं बघितलं. माझ्याकडं बोलायला तेवढाच क्षण होता. मी म्हणालो, "बघा, आता चालू केला असेल त्यांनी." का म्हणालो? भीतीनं नाही. मामी माझं काय वाकडं करणार होत्या. लाजेनं म्हणालो. काल सगळ्यांपुढं चढवलेला आवाज मला खाली घेता आला नाही. मामींनी मान हलवली आणि चहा टाकायला आत गेल्या. तो चहा मी प्यायलो.

दुसऱ्या दिवशी बोटीनं मामांना अलीकडं आणलं, मेंढरं नंतर पाणी उतरल्यावर आली. हे मला फोनवर कळलं, कारण तोवर मी पुढच्या टावरवर होतो. तिथं तेच ओटीपीचं आणि तेच तिरक्या फोटोचं. महिनाअखेर कंपनीच्या बैठकीत एक तक्ता दाखवला गेला. पूरकाळात ज्या साइट सुरू करून बंद पडू दिल्या नाहीत त्यांची यादी होती. या गावचा टावर त्यात वरच्या बाजूला, हिरव्या रंगात. मला उभं राहायला सांगून टाळ्या वाजवल्या. त्या तक्त्यावर टूजीचा रकाना नव्हता. मी मॅडमना आणि साहेबांना बोललो, की असा रकाना असायला हवा, लोड काढायचा तर काय काढायचं नाही हे लिहून द्यायला हवं. साहेब म्हणाले, चांगला मुद्दा आहे, मेल टाका. मेल टाकला. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

त्यानंतर जनरेटरच्या देखभालीला पुन्हा त्या गावी गेलो. मामा अंगणात बसून कोकरांसाठी दोरी वळत होते. मला बघून उठले, आत जाऊन फोन घेऊन आले. "बरं झालं आलासा. तुमी यातलं जाणता. बगा की ह्याला काय झालंय."

मी फोन उघडला, बॅटरी काढून बघितली, कार्ड पुसलं. "काय होतंय याला?"

"आता कायबी न्हाय. पर पुरात ऐन वक्ताला बंद पडला. म्हंजे दिवा लागत हुता, निस्ती काडी न्हाय. सांजंला मिसकॉल द्याया गेलो तर लागंना. म्हणलं टावरच्या जवळ गेलं तर लागंल. म्हणून टेकाडाच्या ह्या अंगानं खाली उतरलो, टावर दिसतो त्या बाजूनं. तरी न्हाय. सकाळी पुन्ना उतरलो, आनिक खाली, पाक पाण्याच्या कडंला." ते थांबले. दोरीचा पीळ सुटत होता तो त्यांनी पुन्हा घट्ट केला. "मेंढरू माणसाच्या मागं येतं. ध्येनातच आलं न्हाय माज्या. कोकरं मागं मागं आली. पाणी एकदम वाढलं. मी वर पळालो, मोठी मेंढरं पळाली. कोकरं अकरा हुती."

"अकरा," मी म्हणालो.

"मंग वर आल्यावर काडी आली आन् मिसकॉल दिला."

"एकच दिलात मामा."

"मग? माणूस ठीक हुतं की."

माझ्या हातात तो फोन होता. त्यात काहीही बिघाड नव्हता. मी सांगून टाकलं. आदल्या दुपारी खटका मी ओढला, सकाळी दहाला वर केला, आणि तुमच्या दोन्ही वेळच्या खेपा त्याच्या मधल्या होत्या. तुमचा फोन चांगला होता, टावरच तुमच्यासाठी बंद होता, आणि तो मी केला होता. डिझेल पुरवायला म्हणून. बोलताना मला मॅडमची आठवण आली, ओटीपीची आली, सगळ्यांची नावं घ्यावीत असं वाटलं. घेतली नाहीत.

मामांनी दोरी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "म्हंजे माजा फोन चालू हुता."

"होता मामा."

"भरल्याला हुता."

"हो."

"मंग एवडं हिला सांगा." त्यांनी घराकडं मान केली. "रोज बोलतीया मला. फोन भरून न्हेला असता तर कोकरं गेली नसती म्हणतीया. आन् मलाबी आता तसंच वाटाय लागलं हुतं. म्हणलं इसरलो आसंन."

मामी दारात उभ्या होत्या. कधीपासून ते माहीत नाही. मी पुन्हा सगळं सांगायला सुरुवात केली, तर त्यांनी हातानंच थांबवलं. आत गेल्या. स्टो पेटवल्याचा आवाज आला. मी पाना घेऊन जनरेटरकडं जावं की बसावं हे मला कळेना, म्हणून बसून राहिलो.

त्या घरात पाहुण्याला चहा आधी देतात. इतक्या वर्षांत पहिली कपबशी कायम माझ्याच हातात आलेली आहे, मामांना दुसरी. मामी दोन कपबशा घेऊन बाहेर आल्या. माझ्यासमोरून पुढं गेल्या आणि पहिली मामांच्या हातात दिली. तिथंच थोडा वेळ उभ्या राहिल्या, ते पीत होते ते बघत. मग माझी कपबशी माझ्याजवळ ओट्यावर ठेवली आणि किल्ली तिच्याशेजारी.